मोंबाशाच्या घराचा कब्जा

मालमत्ता माणसाला स्थैर्य देते, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. देवगाव फाट्यावरच्या मन्मथअप्पांची मालमत्ता आफ्रिकेत मोंबाशाला होती, आणि ते स्वतः फाट्यावर बन्सीधरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. पुढच्या खोलीत बारदाना, म्हणजे विकायच्या जुन्या गोण्या, आणि मागच्या खोलीत बायको-मुले, अशी व्यवस्था होती. पावसाळ्यात ती उलटी व्हायची, कारण मागची खोली गळायची आणि गोण्या भिजून चालत नसे.

मोंबाशाचे घर अप्पांना चुलत्याकडून आले. कल्याणरावकाका पूर्णेच्या रेल्वेत खलाशी होते. कुठल्याशा साहेबाच्या ओळखीने ते मोंबाशाच्या रेल्वेत गेले आणि चाळीस वर्षे तिथून पत्रे पाठवत राहिले. प्रत्येक पत्रात 'आपले इकडील घर' असा उल्लेख असायचा. काकांना मूलबाळ नव्हते. सत्त्याहत्तर साली ते वारले, त्याआधीच्या पत्रात त्यांनी लिहिले होते, 'इकडील घर चि. मन्मथ याचे समजावे.' ते पत्र अप्पांनी काचेच्या फ्रेमीत बसवून दुकानात टांगले. फाट्यावर कुणीही नवा माणूस चहाला थांबला, की चहा संपायच्या आत त्याला ते वाचावे लागे.

त्या घरात पोखर्णीचा चंद्रभान राहत होता. पोरवयात काकांनीच त्याला तिकडे नेऊन रेल्वेत चिकटवले होते. काका असेपर्यंत तो त्यांना भाडे द्यायचा. काका गेल्यावर नऊ वर्षे त्याने अप्पांना एक छदाम पाठवला नव्हता. पत्र मात्र दर दिवाळीला यायचे. त्यात पाऊसपाणी असायचे, वहिनींना नमस्कार असायचा, मुलांना आशीर्वाद असायचे आणि शेवटी असायचे, 'भाड्याविषयी भेटीअंती बोलू.'

हे असेच चालले असते. पण शहाऐंशी साली शिमग्याच्या सुमारास बन्सीधर दुकानात येऊन बसला.

"आप्पा, पाडव्याला खोल्या मोकळ्या करा. पोराचं लगीन धरलंय."

"पाडव्याला? तीन आठवडे राह्यले. आमी जावं कुठं?"

"तुमाला काय फिकीर?" बन्सीधरने फ्रेमीकडे बोट केले. "तुमचं फारिनला घर हाय."

अप्पांनी फाट्यावर आणखी चार ठिकाणी खोल्या विचारल्या. चारही ठिकाणी हेच उत्तर मिळाले. ज्याचे परदेशात घर आहे त्याला पत्र्याच्या खोलीत ठेवणे लोकांना प्रशस्त वाटेना.

रात्री जेवताना बायकोने, सिद्धम्माने, विषय काढला. "आवो, ते मोंबाशाचं घर इकून टाका आन् सेलूला दोन खोल्या तरी घ्या. लेकरं घिऊन रस्त्यावर बसायची पाळी आलीय."

"इकायला आदी कब्जा पायजे."

"मंग घ्या की कब्जा."

"कसा घिऊ? तिथं यष्टी जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पा परभणीला व्यंकटराव वकिलांकडे गेले. व्यंकटरावांनी तीस वर्षांत भाडेकरू काढण्याचे अनेक दावे चालवले होते आणि त्यांतले काही भाडेकरू वयोमानाने निघूनही गेले होते. त्यांनी नोटिशीचा कागद पुढे ओढला.

"मिळकत कुठं आहे?"

"मोंबासा."

"तालुका?"

"तालुका न्हाई, साहेब. देश हाय. केनिया."

वकिलांनी तालुक्याची जागा रिकामी ठेवली. "चतुःसीमा सांगा. पूर्वेला काय आहे?"

"समुद्र."

"पश्चिमेला?"

अप्पांनी थोडा विचार केला. "आफ्रिका."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली आणि चष्मा पुसला. "हे बघा अप्पा, आपल्याकडं भाड्याचा कायदा हैदराबादचा आहे. तो परभणीत चालतो. मोंबाशात चालतो की नाही हे मी पुस्तकात बघतो, पण आशा धरू नका. बेलिफाचं म्हणाल तर तो जिंतूरला जायलासुद्धा कुरकुर करतो. या चंद्रभानचं इकडं कोण आहे?"

"थोरला भाऊ हाय पोखर्णीला. आश्रुबा."

"मग झालं. नोटीस मी धाडतो, ती पोचेल तेव्हा पोचेल. तुम्ही भावाच्या ओट्यावर जाऊन धरणं धरा. अन्नाला शिवायचं नाही. दोन दिवसांत गावात बोभाटा होतो आणि तिसऱ्या दिवशी भाऊच भावाला तार करतो. हा कायदा कुठल्याच पुस्तकात नाही, त्यामुळं तो सगळीकडं चालतो."

अप्पा पोखर्णीला सकाळच्या गाडीने पोचले. आश्रुबाचे घर नरसिंहाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच होते. अप्पांनी ओट्यावर घरून आणलेली गोणी अंथरली आणि मांडी घातली. थोड्या वेळाने आश्रुबा बाहेर आला.

"कोन पायजे?"

"कुनी न्हाई. मी देवगाव फाट्याचा मन्मथअप्पा. मोंबाशाच्या घराचा मालक. धरनं धरून बसलोय."

"बरं," आश्रुबा म्हणाला. "सावलीला सरका जरा. तिथं ऊन यील."

दुपारी आश्रुबाची बायको बायनाबाई भाकरी घेऊन बाहेर आली. "आप्पा, हात धुवा."

"मी अन्न घेनार न्हाई. तुमच्या दिराला आमचं घर सोडायला सांगा, मंग जेवतो."

"सांगू की. पर टपाल जायला म्हैना, यायला म्हैना. तवर?"

"तवर न्हाई."

"मंग आमीबी न्हाई." तिने भाकरीचे टोपले आत नेऊन फळीवर ठेवले आणि दार लोटून घेतले. आतून तिचा आवाज आला, "दारात मानूस उपाशी आन् घरात पंगत, आसं आमच्यात हुत न्हाई."

हा मुद्दा अप्पांनी वकिलांना विचारला नव्हता. घरात आश्रुबा, बायनाबाई, दोन मुलगे, दोन सुना आणि पाच नातवंडे होती. ज्वारीची काढणी चालू होती. मुलगे रानातून आले, टोपल्याकडे बघितले, ओट्यावर बघितले आणि पाणी पिऊन परत रानात गेले. नातवंडे एका ओळीत येऊन बसली आणि अप्पांकडे बघू लागली. बोलली असती तर बरे झाले असते. आश्रुबाने तंबाखूची चंची उघडली, अप्पांपुढे धरली, अप्पा नको म्हणाले तशी स्वतःही न खाता बंद केली.

तीनच्या सुमारास अप्पांनी घसा खाकरला. "बाई, अर्धी भाकर आना. तुमच्या लेकरांसाठी म्हनून खातो. धरनं चालूच हाय."

पण त्यात एक अडचण निघाली. पहाटेच्या गाडीसाठी अप्पा घाईने निघाले होते. आंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते घास घेत नसत, आणि त्यासाठी निवांत, स्वच्छ जागा हवी होती. आश्रुबाच्या घरात त्या दिवसांत माणसांपेक्षा ज्वारी जास्त होती. बायनाबाईने नवऱ्याकडे बघितले. आश्रुबाने जानव्यासारखी गळ्यात अडकवलेली किल्ली काढली आणि अप्पांना शेजारच्या घराकडे नेले.

कुलूप उघडल्यावर अप्पा उंबऱ्यावरच थबकले. तीन खोल्या, वर स्लॅब, खाली सिमेंट, स्वयंपाकाला कडाप्प्याचा कट्टा. न्हाणीत पितळेची तोटी होती. गच्चीवरच्या टाकीत हातपंपावरून घागरी नेऊन पाणी ओतावे लागे, पण एकदा ओतले की तोटीतून शहरासारखे यायचे.

"हे कुनाचं?"

"चंद्रभानचं. रिटायर हून यील तवा ऱ्हाईल. लगीन तर केलं न्हाई त्यानं. म्हनला, घर तरी बांध दादा."

"पैसा?"

"त्योच धाडायचा, दर म्हैन्याला. लिवायचा का, तिकडं मला खर्चच न्हाई काही."

"खर्च कसा आसंल," अप्पा म्हणाले. "भाडं कुठं द्यायलाय."

पूजा झाली, भाकरी झाली, वर पिठल्याची दुसरी वाढही झाली. अप्पांनी पाटावरूनच जाहीर केले, की ओट्यावरचे धरणे अन्न घेतल्यामुळे मोडले आहे, सबब ते या घरात नव्याने धरण्यात येत आहे, आणि मोंबाशाचे घर सुटल्याशिवाय ते उठणार नाही. हे घर आपल्याच भाड्यातून उभे आहे, असेही ते म्हणाले. आश्रुबाने ऐकून घेतले.

"बसा," तो म्हणाला. "फकस्त भिताडाला खिळे मारू नका. चुना ताजा हाय."

धरण्याचे दिवस बरे चालले होते. तार करायला आश्रुबा तयार होता. पण मोंबाशाच्या तारेचे पैसे ऐकून त्याने पत्रच लिहिले. शनिवारी देवाला येणारी माणसे वाटेत थांबून धरण्याची चौकशी करत, आणि अप्पा त्यांना मोंबाशाचा समुद्र समजावून सांगत. आठव्या दिवशी सिद्धम्मा पदर खोचून आली.

"आवो, पाडवा चार दिसांवर आलाय. बन्सीधर दोनदा यिऊन गेला. आन् तुमी इथं पिठलं खात बसलाव?"

"कब्जा घेतलाय," अप्पा म्हणाले.

"कशाचा?"

अप्पांनी हाताने सगळे घर दाखवले. सिद्धम्माने तीन खोल्या बघितल्या. स्लॅबकडे मान वर करून बराच वेळ बघितले. मग ती न्हाणीत गेली. तोटी उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, परत उघडल्याचा आला. तिला संध्याकाळच्या गाडीने परत जायचे होते, पण नामांतराच्या बंदमुळे दोन दिवस एस.टी. फिरकली नाही. त्या दोन दिवसांत तिने कट्ट्यावर उभ्याने स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी ती फाट्यावर गेली आणि पाडव्याच्या सकाळी टेम्पो घेऊन परत आली. टेम्पोत तीन मुले, सगळी भांडीकुंडी, चारशे गोण्या आणि काचेची फ्रेम होती.

फ्रेमीसाठी एक खिळा मारावा लागला.

बायनाबाईची काही तक्रार नव्हती. "बंद घराला वाळवी लागती," ती म्हणाली. "राबतं ऱ्हायलं तर चांगलंच." पण आश्रुबाला झोप लागेना. भावाच्या घराची किल्ली त्याच्या गळ्यात होती आणि कुलूप अप्पांच्या ताब्यात. जून महिन्यात चंद्रभानचे पत्र आले. ते अप्पांच्याच नावावर होते.

'आपली नोटीस मिळाली. गावाकडचे टपाल बघून आनंद झाला. आपण सहकुटुंब माझ्या घरी आहात हे दादाच्या पत्रावरून कळले. घराला पाय लागले, समाधान वाटले. मी ऑगस्टअखेर रिटायर होऊन येत आहे. तोवर घर मोकळे झाल्यास सोयीचे होईल.'

अप्पांनी उलट टपाली उत्तर लिहिले. त्यात पाऊसपाणी होते, नमस्कार होते, आणि घर मोकळे करण्याविषयी भेटीअंती बोलू, असे होते.

मग आश्रुबा परभणीला गेला. त्याला वकिलाचे एकच नाव माहीत होते, अप्पांच्या तोंडून ऐकलेले. व्यंकटरावांनी त्याला बसवले, सगळे ऐकले आणि हळूच विचारले, "म्हणजे मालक परदेशात, घर इकडं, आणि आत बसलेला भाडं देत नाही?"

"व्हय."

"दावे असेच उलटेपालटे होतात," वकील म्हणाले. "अप्पा माझे अशील आहेत, त्यामुळं मला तुमची बाजू घेता येत नाही. नुसता सल्ला देतो. अप्पांच्या दारात जाऊन ओट्यावर धरणं धरा."

"वटा आमचाच हाय."

"तरीसुद्धा."

आश्रुबा आपल्या भावाच्या ओट्यावर, अप्पांच्या गोणीवर धरणे धरून बसला. दुपारी सिद्धम्मा ताट घेऊन बाहेर आली.

"जेवा, दादा."

"मी अन्न घेनार न्हाई."

"मंग आमीबी न्हाई," सिद्धम्मा म्हणाली.

आश्रुबाने शेजारच्या स्वतःच्या घराकडे बघितले. बायनाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन्हीकडच्या चुली बंद पाडता का आता? जेवा मुकाट्यानं." आश्रुबा जेवला. शेंगदाण्याची चटणी चांगली झाली होती.

श्रावण सरता सरता चंद्रभान आला. परभणीच्या गाडीतून उतरला तेव्हा त्याच्याजवळ दोन लोखंडी पेट्या आणि एक छत्री होती. केस पांढरे झाले होते. आपल्या घरासमोर येऊन त्याने स्लॅबकडे बघितले, भिंतींकडे बघितले, आणि बूट काढून दाराशी उभा राहिला.

"आत येऊ का?" त्याने विचारले.

घरात दोन्ही कुटुंबे जमली. अप्पा गोण्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली, प्रवासाची केली, आणि मग आवाज खाली आणून विचारले, "मोंबाशाचं घर सोडलं का न्हाई?"

"सोडलं."

"समदं?"

"समदं. झाडून घिऊन किल्ली दिली."

"कुनाला दिली?"

"हाय तिथला एक मानूस. जिम्मेदार हाय." चंद्रभानची नजर भिंतीवरच्या फ्रेमीवर होती.

अप्पांनी पुढे विचारले नाही. त्यांचे मन आनंदाने इतके भरून आले होते, की त्यांना काही विचारणे शक्यही नव्हते. परभणीच्या वकिलाची नोटीस समुद्रापलीकडे लागू पडली होती. अशा वेळी माणूस उदार होतो. अप्पा म्हणाले, "चंद्रभानजी, मी तकरार करनारा मानूस न्हाई. तुमी नऊ वर्षं आमच्या घरात बिनभाड्यानं ऱ्हायलाव. आता नऊ वर्षं आमी तुमच्या घरात ऱ्हातो. फिटंफाट. मोंबाशाचं घर तवर बंद ऱ्हाऊ द्या, भाव वाढंल."

"ह्यो कुठला हिसाब?" आश्रुबा उठला. "त्याचं घर, आन् त्यो कुठं निजनार?"

"ऱ्हाऊ दे दादा," चंद्रभान म्हणाला. "मला एक खोली लय झाली. तीन खोल्यांत मी एकला काय करू?"

त्याने मागची खोली घेतली. गोण्या पुढे सरकवण्यात आल्या. अप्पांच्या मुलांनी त्याच्या पेट्या उचलल्या.

सिद्धम्माला मात्र हे पटले नाही. भांडायला आलेला माणूस न भांडता आपल्या घरातली एक खोली घेतो आणि वर 'लय झाली' म्हणतो, हे तिने फाट्यावर कधी बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी अप्पा देवळाकडे गेले असताना तिने चंद्रभानपुढे चहा ठेवला आणि समोर बसली.

"भाऊ, एक इचारू का? काल तुमी भांडला का न्हाई?"

चंद्रभानने बशीत चहा ओतला. "वैनी, ते घर काकांचं नव्हतं. रेल्वेचं क्वार्टर हाय. पैले काकांच्या नावानं हुतं, मी त्यांच्याजवळ ऱ्हायचो, निम्मं भाडं त्यांच्या हाती द्यायचो. ते गेल्यावर रेल्वेनं माझ्या नावावर केलं. रिटायर झालो, तवा रेल्वेनंच काढलं. किल्ली स्टेशनमास्तरला दिली."

सिद्धम्माने विचारले, "नऊ वर्षं लिवलं का न्हाई तसं?"

"काकांनी चाळीस वर्षं गावाकडं 'आपलं घर' म्हनून लिवलं. मला भाकरीला लावलेला मानूस. त्यो गेल्यावर त्याला खोटं कसं पाडावं? टपाल तर चारचौघांत वाचत्यात. वाटलं, भेटल्यावर आप्पाला एकट्याला सांगू." त्याने भिंतीकडे बघितले. "यिऊन बघतो, तर काच बसवलीय."

"ह्यांना सांगू नका," सिद्धम्मा म्हणाली.

"न्हाई सांगत."

"मला मात्र फुकट ऱ्हायचं न्हाई. लेकरांच्या डोक्यावर छप्पर हाय ते तुमचं हाय, हे मला कळाया पायजे." ती उठली, डब्यातून चाळीस रुपये काढले आणि बशीशेजारी ठेवले. "म्हैन्याच्या म्हैन्याला बायनाबाईजवळ देत जाईन. गोन्यांच्या पैशातनं काढीन, ह्यांना पत्त्या लागनार न्हाई."

चंद्रभानने पैसे घ्यायला दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा घेतले.

तेव्हापासून शनिवारी देवाला येणारी माणसे ओट्यावर टेकतात आणि अप्पा त्यांना परदेशातला भाडेकरू कसा काढावा हे सांगतात. चंद्रभान शेजारी बसून सुपारी कातरतो आणि मध्येच विचारले तर "व्हय, कडक नोटीस हुती" असे म्हणतो. अप्पांकडे दोनतीन लोक सल्ल्यालाही येऊन गेले आहेत. मोंबाशाचे घर विकावे की ठेवावे, यावर अप्पांचा अजून विचार चालू आहे.

मोंबाशाच्या त्या क्वार्टरमध्ये सध्या मालगाडीचा एक गार्ड राहतो. भाडे त्याच्या पगारातून कापले जाते.